दोनशे चौपन्न माणसं, सात नावं

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झालं, तेव्हा बौद्ध स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं सापडली. ब्राह्मी लिपीतली, दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यातला एखादा आपला पूर्वज असेल का? पिढी पंचवीस वर्षांची धरली तर मध्ये ऐंशी पिढ्या येतात. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, मग आठ, मग सोळा. असं दुप्पट करत गेलं की ऐंशीव्या पिढीत हा आकडा एकावर चोवीस शून्यांच्याही पुढे जातो. पृथ्वीवर आजवर जन्मलेली माणसं मात्र अंदाजे ११,७०० कोटी. म्हणजे तीच माणसं आपल्या वंशवृक्षात असंख्य वाटांनी पुन्हापुन्हा येतात.

इतकं मागे नको. नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं आणि भंडाराही त्यांच्याकडे गेला. तेव्हापासून जेमतेम सात पिढ्या झाल्या. या सात पिढ्यांत आपले पूर्वज २५४. जातपडताळणीसाठी आपण कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही) नि जमीन-बंदोबस्ताचे कागद धुंडाळतो, त्यात नशीब जोरावर असेल तर बापाचा बाप, त्याचा बाप अशी सात नावं लागतात. उरले २४७. कोतवाल बुकात जन्माची नोंद पुष्कळदा एवढीच असते: अमक्याला मुलगी झाली. मुलीचं नाव नाही, तिच्या आईचंही नाही.

डीएनए चाचणीनं ही उणीव भरून निघेल, असं अनेकांना वाटतं. पण गुणसूत्रं प्रत्येक पिढीत तुटून नव्यानं जुळतात. दहा पिढ्यांमागे पूर्वज १,०२४, आणि त्यांच्याकडून येणारे तुकडे सरासरी साडेसहाशेच्या आत. काहींच्या वाट्याला दोन-तीन तुकडे येतात, म्हणून निम्म्याहून अधिक पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात उरत नाही. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची १६,५६९ अक्षरं तेवढी आईकडून लेकरांकडे जवळजवळ जशीच्या तशी उतरतात. कागदानं जिला वगळलं, तिची ही खूण आपल्या प्रत्येकाच्या अंगात आहे. ती कोणत्या गावची, तिला काय म्हणत, हे मात्र कुठलीच प्रयोगशाळा सांगू शकत नाही.

घरात आजी असेल तर तिच्या आईचं नाव आणि माहेरचं गाव आजच विचारा, आणि वहीत लिहून ठेवा.