भोकाच्या कडेला नेमकं काय होतं?

कात्रजहून बोलतोय. मध्येच पीएमपीचा हॉर्न ऐकू आला तर चालवून घ्या, खिडकी बंद केली की खोलीची भट्टी होते.

आज एका भोकाची गोष्ट. शेवटच्या वर्षाला आमचा प्रोजेक्ट होता: कार्बन फायबरच्या पट्टीला 6 मिमीचं भोक पाडायचं, पट्टी मशीनमध्ये ओढायची आणि भोकालगतचा स्ट्रेन मोजायचा. स्ट्रेन म्हणजे मूळ लांबीच्या मानाने वस्तू किती ताणली गेली ते. गेज चिकटवला, आकडे मस्त कमी आले, आम्ही खूश. आणि हिशेबाच्या बरीच आधी पट्टी फाट्‌कन तुटली.

दुधाची पिशवी आठवा. नुसती ओढून फाटत नाही, पण दाताने बारीक चीर पाडली की झटक्यात जाते. ओढ त्या चिरेला वळसा घालते आणि कडेला गर्दी होते. कात्रज चौकात एक लेन बंद झाली की होते ना, तशीच. कर्श नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1898 मध्ये गणित मांडलं: रुंद पत्र्यातल्या लहान गोल भोकाच्या कडेला स्ट्रेस तिप्पट.

हे झालं लोखंडाचं. कार्बन फायबर थराथरांचं असतं. सगळे धागे ओढीच्या दिशेने असतील तर ही पट सहाच्याही वर जाऊ शकते. 45 अंशांत तिरके असतील तर तीनच्या खाली. 0, 45, 90 असे सगळीकडे सारखे वाटले की परत तीन. आमची पट्टी या शेवटच्या प्रकारची.

मग गेज खोटं बोलला का? नाही हो. गेज म्हणजे बारीक नागमोडी फॉइल. ताणली की तिचा रोध वाढतो. 120 ओहमच्या गेजला हजार मायक्रोस्ट्रेनला जेमतेम 0.24 ओहमचा फरक, म्हणून व्हीटस्टन ब्रिज लावतात (हो, बारावीतलाच!). पण गेज स्वतःखालच्या सगळ्या जागेची सरासरी सांगतो. आमच्या भोकाच्या कडेपासून 1 मिमी सरकलं की तिप्पट उतरून पावणेदोनपटीच्या आसपास येते, आणि आमचा गेज होता 3 मिमी रुंद! सिंहगडाची उंची विचारली आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंतची सरासरी सांगितली, तसला प्रकार.

हे कॉलेजपुरतं नाही बरं. तेजस विमानाचा वजनाने 45 टक्क्यांच्या आसपास भाग कंपोझिटचा आहे. जोडकाम आलं की बोल्ट आले, बोल्ट आले की भोकं आली.

आता कॅमेऱ्याची पद्धतही आहे. पांढऱ्या रंगावर काळे ठिपके फवारायचे, पट्टी ओढताना फोटो काढायचे, ठिपके कुठे सरकले त्यावरून सॉफ्टवेअर पूर्ण नकाशा देतं. मला ती आवडते. पण अगदी कडेवरचे थोडे पिक्सेल तिच्याही हातून सुटतात, आणि आतले थर एकमेकांपासून सुटत असतील तर वरून पत्ताच लागत नाही.

आम्ही दुसऱ्या पट्टीला 1 मिमीचे छोटे गेज कडेपासून ओळीने लावले आणि त्यांच्या आकड्यांतून वक्ररेषा कडेपर्यंत ओढली. चिकटवताना दोन वाया गेले, पण या वेळी रेषा तीनकडे चढताना दिसली.