हात धरणे, हात बांधणे

‘उचलबांगडी’ हा शब्द आपण हल्ली साहेबांच्या बदलीसाठी वापरतो. बँकेच्या नोकरीत तो कानावर आला की सोलापूरची शाखा सुटली आणि कुठल्या तरी आडगावी बिस्तरा हलला, एवढाच अर्थ आम्हाला कळे. मूळ अर्थ मात्र शरीराचा आहे. हात-पाय धरून माणसाला अधांतरी उचलून नेणे म्हणजे उचलबांगडी. पंतोजींच्या काळी शाळा चुकवणाऱ्या पोराला आणायला चार दांडगी मुले धाडली जात आणि ती त्याला अशी उचलून आणीत. बघ्यांना ती गंमत वाटे. त्या पोराला काय वाटे, हे कोणी लिहून ठेवलेले दिसत नाही.

छडीविषयी मात्र आपल्याकडे भरपूर लिहिले गेले, आणि पुढे कायदाही झाला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. मुलाला वर्गात, ग्रंथालयात किंवा संडासात कोंडणे हीसुद्धा शारीरिक शिक्षाच, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

पण मारणे आणि न मारणे यांच्या मध्ये आणखी एक गोष्ट उरते. ती म्हणजे मुलाला धरणे. बोलता न येणारा, गोंगाटाने बिथरणारा एखादा मुलगा भिंतीवर डोके आपटू लागला तर बाईंनी काय करावे? धरलेच पाहिजे. पण तोच मुलगा सारखा जागेवरून उठतो म्हणून त्याला ओढणीने खुर्चीला बांधले तर? हात दोन्ही वेळा अडवले गेले. पहिल्या वेळी त्याच्या जिवासाठी, दुसऱ्या वेळी वर्गाच्या शांततेसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००६ साली नेमका हाच फरक सांगितला. कोणाला इजा होऊ नये म्हणून बळ वापरावेच लागले, तर ते कमीत कमी असावे आणि कमीत कमी वेळ असावे. शिक्षा म्हणून ते कधीही वापरू नये. ज्या बालहक्क कराराच्या आधारे ही समिती बोलते, तो भारताने १९९२ सालीच स्वीकारला आहे.

अडचण अशी की, बांधणाराही ‘त्याच्या भल्यासाठीच’ असे म्हणतो. या शब्दाची किंमत सोलापूरने मोजली आहे. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इथे तारेच्या कुंपणात ठेवले. त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. १९११च्या कायद्याने तर या जमातींची सहा वर्षांवरील आणि अठराच्या आतील मुले आईबापांपासून तोडून सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. तेही मुलांच्या भल्यासाठीच! गुन्हेगार जमातींचा हा कायदा १९५२ साली एकदाचा रद्द झाला.

साखळीलाच काळजी मानले की काय घडते, ते ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडीत दिसले. तिथल्या एका मनोरुग्ण निवासाला आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा बळी गेला. पुढे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीवर पूर्ण बंदी घातली. रुग्णाला आवरायचे ते केवळ तातडीचा धोका टाळण्यापुरते. कारण, पद्धत आणि वेळ लगेच नोंदवायची आणि रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचे. ‘आमच्याकडे माणसे कमी आहेत’ ही सबब चालणार नाही, असेही त्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे.

मनोरुग्णालयाला जी शिस्त लागू आहे, ती शाळेला का नसावी? २०१६च्या कायद्याने दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबर शिकण्याचा हक्क दिला. हे योग्यच झाले. पण भरलेला वर्ग आणि असे एक मूल सांभाळणाऱ्या एकट्या बाईंना मदतनीस कोण देणार, मूल बिथरण्याआधीच त्याला शांत कसे करावे हे कोण शिकवणार? तेवढे न करता सगळा दोष बाईंवर ढकलणे हा अन्यायच आहे.

बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन अधिकारी लागतात, दोघांच्या सह्या लागतात. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नसतो. उलट, प्रामाणिक माणसाला त्या सह्यांचाच आधार असतो. शाळेतही अशी एक वही असावी. मुलाला कधी धरले, का धरले, किती वेळ, त्या वेळी दुसरे कोण हजर होते, हे तिच्यात त्याच दिवशी लिहावे आणि संध्याकाळी आईबापांना वाचून दाखवावे. दिवसभर विड्या वळून दमलेल्या आईला वाचता येत नसेल, तर तिला तिच्या भाषेत, तेलुगूत, कन्नडमध्ये किंवा उर्दूत सांगावे. कारण ज्या मुलांना सर्वांत जास्त वेळा धरले जाते, त्यांतल्या अनेकांना घरी येऊन काही सांगता येत नाही.

पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा गुणपत्रिका पाहून झाल्यावर या वहीचीही चौकशी करा. आपले मूल कधीच बिथरत नसले, तरी करा.