तसबीर नटाची आणि प्रयोगाची

मराठी रंगभूमीचा गतकाल आपण बहुधा नटांच्या मुद्रांवरून वाचीत आलो आहोत. परंतु ज्या छायाचित्रांनी त्या मुद्रा आपल्या हवाली केल्या, त्यांतील जुनी छायाचित्रे बहुतांशी रंगमंचावर घेतलेली नव्हेत, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. 1911 साली 'संगीत मानापमाना'त भामिनी उभी करणाऱ्या बालगंधर्वांच्या काळी काचेवरील छायाद्रव्य इतके मंद होते, आणि रंगमंचावरील दिव्यांचा उजेड इतका तुटपुंजा, की चालत्या प्रयोगाची तसबीर उतरविणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून नट वेष करून स्टुडिओत जात, रंगविलेल्या पडद्यापुढे निश्चल बसत, आणि त्या निश्चलतेलाच पुढील पिढ्यांनी अभिनय मानले.

1954 साली कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म 35 मिलिमीटरच्या रिळात मिळू लागली, आणि पुढे अशा शीघ्रग्राही फिल्मांच्या आधारे छायाचित्रकाराला प्रेक्षागारातील अंधारात बसून काम करण्याची मुभा मिळाली. तथापि अडचणी संपल्या नाहीत. काळ्याभोर पार्श्वभूमीवर एकच चेहरा उजळलेला असतो. यंत्रातील प्रकाशमापक सगळ्या काळोखाचा हिशेब करतो, आणि तो चेहरा करपून पांढराफटक होतो. फ्लॅशचा वापर हा तर माझ्या मते गुन्हाच, कारण त्या एका लखलखाटात प्रकाशयोजनाकाराची सारी मेहनत बरखास्त होते आणि नटाचे चित्त विचलित होते ते निराळेच. रंगीत तालमीत हिंडण्या-फिरण्यास हरकत नसते; पण रिकाम्या खुर्च्यांपुढचा नट आणि भरल्या थिएटरातील हशा तोलून पुढचे वाक्य किंचित थांबवून धरणारा नट, हे दोघे एकच नव्हेत.

यंत्रापेक्षाही नाटक पाठ असणे अधिक महत्त्वाचे. संगीत नाटकात गायक नट ऐन तानेत असताना घेतलेले चित्र बहुधा केविलवाणे दिसते, कारण तोंड वासलेले आणि गळ्याच्या शिरा ताणलेल्या; तान समेकडे वळते तो क्षण ज्याला आधी कळतो, त्याच्याच हाती प्रसन्न मुद्रा लागते. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात पहिला प्रयोग झालेल्या तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने तर निराळाच पेच टाकला. जब्बार पटेलांच्या त्या प्रयोगात ब्राह्मणांची रांग हीच भिंत, तीच पडदा, आणि तीच कारस्थान दडविणारी आडोशाची जागा होती. तेव्हा नाना फडणवीस झालेल्या मोहन आगाश्यांचा चेहरा कितीही बोलका टिपला, तरी मागची रांग चौकटीबाहेर राहिली की नाटकच बाहेर राहिले. प्रयोगाची तसबीर ही माणसांमधील अंतराची तसबीर असते, असे मी म्हणतो ते याचसाठी.

आजचे अनेक कॅमेरे आवाज करीत नाहीत, ही प्रेक्षकांवर मोठीच मेहेरबानी. एलईडी दिव्यांनी मात्र चित्रात पट्टे उमटण्याची नवी पीडा आणली आहे. एका प्रयोगाची शेकडो चित्रे निघतात, आणि निवड करण्याचे कष्ट कोणी घेत नाही. जाहिरातीला चेहरा हवा असतो, म्हणून चेहरेच छापले जातात. दोन पात्रांमधील मोकळी जागा, नेपथ्य, विंगेतून पडणारी तिरपी तिरीप, हे सारे कापले जाते.

दप्तराच्या दृष्टीने हे नुकसान थोडे नाही. ज्यांच्या घरी नाटकांची जुनी छायाचित्रे किंवा निगेटिव्ह असतील, त्यांनी प्रत्येकाच्या पाकिटावर नाटक, स्थळ, तारीख आणि पात्रांची नावे, ओळखणारी माणसे हयात आहेत तोवरच, पेन्सिलीने लिहून ठेवावीत, आणि चित्राच्या कडा कापू नयेत, एवढी विनंती आहे.