वनातली पोरं आणि हिमालयाचा माथा

(आपल्या एका जुन्या सभासदांचे चिरंजीव गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात शिक्षक आहेत. सुट्टीत गावी आले असता त्यांनी आपल्या अंकासाठी हा लेख लिहून दिला. सभासदांनी तो घरातल्या मुलांनाही वाचून दाखवावा.)



आमचे वडील कारखान्याचे जुने भागधारक. शेअरचा दाखला त्यांनी चौकट करून देवघराशेजारी लावलेला आहे. मी मात्र नोकरीच्या निमित्ताने राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडलो. गावी आलो की पारावरची मंडळी हटकून विचारतात, "मास्तर, तिकडं वाघ दिसतो का हो?" वाघ तिकडे आहेत, खोटं कशाला बोलू? पण आज वाघाची गोष्ट सांगायची नाही. पोरांची सांगायची आहे.

आधी मुलूख कसा आहे ते सांगतो. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याआधी हा सगळा एकच जिल्हा होता. मुलचेरा हा त्यातला एक लहान तालुका. सागाचं दाट रान, मधून मधून धानाची बांधी, लहान लहान पाडे. वस्ती गोंड आणि माडिया लोकांची. शिवाय पूर्व पाकिस्तानातून आलेली आणि सरकारने इथे वसवलेली बंगाली कुटुंबंही बरीच आहेत. त्यामुळे आमच्या वर्गात एकाच बाकावर माडिया, बंगाली आणि मराठी अशा तीन भाषा बसतात. बाजारात तेलुगूही कानावर पडते. ऊस मात्र दिसत नाही. पहिल्या वर्षी मी फळ्यावर उसाच्या मोळीचं चित्र काढलं, तर एक पोरगं म्हणालं, "गुरुजी, हा बांबू का?"

ऊस नसला तरी एक गोष्ट तिथेही आपल्यासारखीच आहे, ती म्हणजे हंगाम. मार्च-एप्रिलात मोह गळायला लागला की पहाटे अंधारात अख्खं घर टोपल्या घेऊन रानात जातं. मोहफुलं वेचली तर हातात चार पैसे. त्यामागोमाग मे महिन्यात तेंदूपत्ता. त्या दिवसांत वर्ग ओस पडतात. आपल्याकडे गाळप सुरू झालं की बीड-जालन्याकडच्या कोयता घेऊन आलेल्या टोळ्यांची पोरं शाळा सोडून कोपीत राहायला येतात, तसंच हे. पीक निराळं, पण पाटी-दप्तर दोन्हीकडे सारखंच सुटतं.

चंद्रपूरची पाच पोरं

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०१८ सालच्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या शासकीय आश्रमशाळांची पाच मुलं जगातल्या सर्वांत उंच शिखरावर, एव्हरेस्टवर जाऊन उभी राहिली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम अशी त्यांची नावं. पहिली चौघं १६ मेला पोचली, विकास दुसऱ्या दिवशी. बोर्डा, देवाडा, जिवती अशा गावच्या आश्रमशाळांत शिकलेली ही पोरं. आईबाप मोलमजुरी करणारे नाहीतर कोरडवाहू शेती कसणारे. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूरचं जिल्हा प्रशासन यांनी मिळून हा उपक्रम हाती घेतला. त्याचं नाव 'मिशन शौर्य'.

एव्हरेस्ट म्हणजे ८,८४८ मीटर. आठ हजार मीटरच्या वर गेलं की माणसाचं शरीर तग धरत नाही, ते घटकेघटकेला खचत जातं. माथ्यावरच्या हवेत समुद्रकाठच्या मानाने प्राणवायू तिसरा हिस्साच उरतो. आणि ही पोरं कुठली? जिथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो त्या चंद्रपूरची. बर्फ त्यांनी पाहिला असेल तर गोळेवाल्याच्या गाडीवर.

ही बातमी आली तेव्हा मी पेपर घेऊन जवळच्या पाड्यावर गेलो. ओट्यावर एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. इतकी उंची, इतकी थंडी, आपल्याच समाजाची पोरं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोरं खाली उतरली का?"

मी चपापलो. पेपरात सगळं चढण्याचं लिहिलं होतं, उतरण्याचं मी वाचलंच नव्हतं. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की गिर्यारोहणात जाणत्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. शिखर म्हणजे अर्धी वाट. माणूस थकलेला असतो, नळकांड्यातला प्राणवायू संपत आलेला असतो आणि घात व्हायचा तो बहुधा उतरताना होतो. रानात आयुष्य काढलेल्या त्या म्हाताऱ्याला हे कोणी शिकवायला लागलं नाही. झाडावर चढलेलं पोरगं खाली उतरेपर्यंत आईच्या जिवात जीव नसतो, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं.

धाडस पिकवावं लागतं

पुष्कळांचा समज असा, की आदिवासी पोरं मुळातच काटक, रानावनात फिरणारी, तेव्हा चढली असतील सहज. हा समज खोटा आहे आणि तो त्या पोरांच्या मेहनतीवर अन्याय करणारा आहे. काळी जमीन आहे म्हणून ऊस आपोआप टनेज देत नाही. बेणं निवडावं लागतं, लागण, खत, पाण्याच्या पाळ्या सांभाळाव्या लागतात. तसंच हे. या मुलांचं प्रशिक्षण ऑगस्ट २०१७ पासून सुरू झालं. वर्धा, हैदराबादकडचे कातळ, दार्जिलिंग आणि लेह-लडाख असे टप्पे झाले. दर टप्प्याला पारख झाली, निवड झाली. दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ साली निघाली आणि तेनसिंग नोर्गे तिथे शिकवत असत. १९५३ साली हिलरीबरोबर एव्हरेस्टवर पहिलं पाऊल ठेवणारे ते हेच तेनसिंग. ऑगस्ट ते मे असे महिने मोजा. आपल्या आडसाली उसापेक्षा कमी मुदतीत ही पोरं तयार झाली, पण त्या मुदतीतला एक दिवसही वाया गेला नसणार.

हैदराबादकडे जाण्यालाही कारण होतं. आमच्या हद्दीला लागून तेलंगण आहे. तिथल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा ही शेतमजुराची मुलगी सरकारी निवासी शाळेत शिकत होती. २५ मे २०१४ रोजी तिने एव्हरेस्ट गाठलं तेव्हा तिला चौदावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तिच्याबरोबर आनंदकुमार हा तिच्यासारख्याच शाळेतला मुलगा होता. म्हणजे वाट आधी शेजाऱ्यांनी पाडली, मग आमच्याकडच्यांनी धरली. चंद्रपूरच्या पाठोपाठ २०१९ साली राज्यातल्या इतर भागांतल्या आश्रमशाळांची मुलंही एव्हरेस्टवर जाऊन आली. शेजाऱ्याने ठिबक केलं आणि उतारा वाढला की आपण बांधावर जाऊन बघतोच ना? चांगली गोष्ट अशीच पसरते.

आणखी एक सांगायचं राहिलं. चंद्रपूरहून शेवटच्या तुकडीत निघाली ती दहा मुलं. पाच माथ्यावर पोचली, पाच शिखर न गाठता परतली. सत्कार झाले, भाषणं झाली, तेव्हा गर्दीचे डोळे साहजिकच पहिल्या पाचांकडे होते. पण मला विचाराल तर माघारी फिरलेल्या पाचांचं शिक्षण काही कमी झालं नाही. माथा समोर दिसत असताना मागे फिरणं, हे भल्याभल्यांना जमत नाही. म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर दहाच्या दहा पोरांनी बरोबर दिलं. सगळी खाली उतरली.

माझी चूक

दुसऱ्यांचं कौतुक करणं सोपं असतं. म्हणून आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. सांगायला जड जाते.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेवर होतो तिथे एक पत्र आलं. धाडसी खेळांच्या शिबिरासाठी मुलं-मुली निवडून पाठवा, पालकांची लेखी संमती जोडा. माझ्या वर्गात नववीतली एक मुलगी होती. अंगाने बारकी, पण चालण्यात, पळण्यात तिच्याबरोबर मुलगेही टिकत नसत. तिचं नाव माझ्या मनात पहिलं आलं. पण दिवस मोहाचे होते. आईबाप रानात. पाडा लांब, वाट कच्ची. मी मनाशी म्हटलं, हे लोक मुलीला कुठे पाठवणार? आणि खरं सांगू का, त्याच्याही मागे एक भीती होती. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? मास्तरची. मी कागदावर लिहिलं, 'पालकांची संमती नाही', आणि पत्र परत धाडलं.

पंधरा दिवसांनी तिची आई बाजाराच्या दिवशी शाळेत आली. डोक्यावर मोहाची टोपली होती. शिबिराचं तिला दुसऱ्या पोरीकडून कळलं होतं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "गुरुजी, मी नाही म्हटलं असं तुम्ही लिहिलं. मला विचारलं कधी?"

तिला सही येत नव्हती. पण अंगठा होता. तो मी मागितलाच नाही.

पुढच्या वर्षी शिबिर निघालं नाही. मुलगी दहावी होऊन गेली. आज ती काय शिखरावर पोचली असती, असं मी म्हणत नाही. न जाणो, पहिल्याच टप्प्यात परत आली असती. पण परत येण्याचा हक्कसुद्धा मी तिच्याकडून काढून घेतला. आदिवासी पालक मुलांना पाठवत नाहीत, ही ओरड मीही केलेली आहे. त्या दिवसापासून केली नाही.

त्यानंतर आम्ही शिक्षकांनी एक साधी गोष्ट चालू केली. दर रविवारी सकाळी आठवीच्या पुढची मुलं-मुली घेऊन दोन तास चालायचं. बरोबर पाणी, पट्टीची पेटी आणि दोन मोठी माणसं. पालकांपैकी ज्याला वाटेल त्याने यावं. पहिल्या रविवारी एकही पालक नव्हता, चौथ्या रविवारी सहा आले. मग एकदा सगळ्यांना घेऊन चंद्रपूरला गेलो आणि गोंड राजांनी बांधलेला परकोट दाखवला. तटावर हात ठेवून एका मुलाने विचारलं, "हा आपल्या लोकांनी बांधला?" मी हो म्हटलं. परतीच्या वाटेवर गाडीत तो कोणाशी बोलला नाही, नुसता खिडकीबाहेर बघत बसला. एव्हरेस्ट काही आमच्याकडून झालं नाही. पण संमतीच्या कागदासाठी आता मी स्वतः पाड्यावर जातो, मोहाचे दिवस असले तर रानात जातो. आजवर नकार मिळाले ते दोन-चारच, आणि त्यांनाही कारणं होती.

आपल्या गावासाठी

आता सभासदांपुढे माझं म्हणणं मांडतो. पटलं तर घ्या.

आपल्या भागात शाळा आहेत, बस आहे, दोन-तीन तासांच्या अंतरावर किल्ले आहेत. तरी आपली किती मुलं गडावर स्वतःच्या पायांनी चढली आहेत? "पडशील, लागेल, अभ्यास बुडेल" हे आपलं ठरलेलं वाक्य. काळजी हवीच. जाणता मार्गदर्शक, दोर-दोरखंड तपासलेला, औषधाची पेटी, पालकांना आधी सांगितलेली वेळ आणि पाऊस-वारा दिसला तर माघारी फिरण्याची तयारी, एवढं असल्याशिवाय मुलांना कुठेही नेऊ नये. पण एवढं केल्यावरही नेऊ नये, ही काळजी नव्हे, ही भीती. माझीही तीच होती.

दुसरी गोष्ट कोपीतल्या मुलांची. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा भरल्या. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची सरकारी योजनाही आली. तरी हंगामात फडावर वाढं गोळा करणारी, धाकटं भावंड कडेवर घेऊन बसलेली पोरं आपण रोज बघतो. चंद्रपूरची ती दहा मुलं शाळेत, वसतिगृहात होती म्हणून कोणाच्या तरी नजरेला पडली. कोपीतलं पोर कोणाच्या नजरेला पडणार? आपल्या गावच्या शाळेची सहल निघेल तेव्हा त्या टोळीतल्या दोन-चार मुलांना बरोबर घ्या. मुकादमाला विचारून थांबू नका, त्यांच्या आईला विचारा. नाही म्हणाली तर तिचं म्हणणं ऐकून घ्या. पण तिच्या वतीने 'नाही' आपण लिहू नका.

जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा मी पुन्हा मुलचेऱ्याला असेन. पहिला पाऊस पडला की आमचा रविवार सुरू होतो. सभासदांपैकी कोणी तिकडे आलं तर दोन तास आमच्याबरोबर चालायला या. चहा शाळेत मिळेल. आणि येताना उसाचं एक कांडं नक्की आणा. बांबू नव्हे, ऊस असतो, हे पोरांना एकदा चाखवून पटवायचं राहिलं आहे.