एक जूनचा वाढदिवस आणि सरकारी संगणक

आपल्या पिढीतील कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणाला ठाऊक नसे, मग मास्तर १ जून लिहून मोकळे होत. बँकेत संगणक आला तेव्हा या तारखेने आम्हाला चांगलेच रडवले. नाव सारखे, तारीख सारखी, म्हणून दोन वेगळ्या खातेदारांना एकच ग्राहक क्रमांक लागला आणि एकाचे व्याज दुसऱ्याच्या नावे दिसू लागले. दोघे काउंटरवर येऊन भांडले, तेव्हा कुठे चूक सापडली.

हे आठवले ते आपल्या तेलंगणातील ‘समग्र वेदिका’मुळे. राज्य सरकारची ही प्रणाली सुमारे ३० खात्यांच्या नोंदी एकमेकींशी जोडते. वाहननोंदणीतला अमुक आणि शिधापत्रिकेवरचा अमुक एकच आहे का, हे संगणक नाव-पत्त्याच्या साम्यावरून ठरवतो. हा अंदाज असतो, पुरावा नव्हे. पण नावसाधर्म्यामुळे गरीब घराच्या नावावर दुसऱ्याची मोटार दिसली आणि धान्य बंद झाले, असे घडले आहे. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांची प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करा, असा आदेश एप्रिल २०२२ मध्ये राज्याला मिळाला.

मला संगणकाचा राग नाही. बोगस कार्डे शोधायलाच हवीत. पण सरफेसी कायद्याखाली थकबाकीदाराचे तारण ताब्यात घेण्याआधी आम्ही ६० दिवसांची नोटीस देत असू. मग धान्य तोडण्याआधी एक साधे पत्र नको?

कायदा काय म्हणतो? केंद्राच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय होणार ती अचूक आणि पूर्ण असावी, असे कलम ८ मध्ये आहे. गोम पुढे आहे. अनुदान वा सवलतीसाठी सरकारला नव्याने संमती न घेता माहिती वापरता येते (कलम ७), आणि दुरुस्ती मागण्याचा कलम १२ चा हक्क मात्र संमतीने दिलेल्या माहितीशी बांधलेला आहे. म्हणजे जिथे चूक सर्वात महागात पडते, तिथेच हक्क लंगडा. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील.

तोवर आपल्या हाती एवढेच, की कागद जुळते ठेवायचे. इथे आडनाव आधी लिहितात, आपण शेवटी. तेलुगूतून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलते. लग्नानंतर बायकांचे तर सगळे नावच बदलते. आधार, पासबुक, शिधापत्रिका आणि पेन्शनचा कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा. काही रद्द झाले तर कारण लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या.

मी परवा आमचे कागद काढले. सौ.च्या जुन्या पासबुकावर अजून माहेरचेच नाव आहे, आणि जन्मतारीख अर्थातच १ जून.