उसाच्या बेटावरची मुलं

हवाईमधल्या काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांची गोष्ट ऊसतोड कामगारांच्या मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवी, असं मला मनापासून वाटतं. मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे आईवडील दसऱ्यानंतर मुकादमाबरोबर कारखान्यावर जातात आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावर परततात. काउआईतल्या त्या बाळांचे आईवडीलही बरेचसे उसाच्या नाहीतर अननसाच्या मळ्यांत राबणारे होते. कुणाचे पूर्वज जपानहून आलेले, कुणाचे फिलिपिन्सहून, कुणी मूळचेच बेटावरचे.

एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन मानसशास्त्रज्ञांनी या मुलांचा माग सोडला नाही. पहिल्या, दुसऱ्या, दहाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी त्यांची माहिती घेतली गेली. मुलं नोकरीला लागली, संसाराला लागली, तरी अभ्यास चालूच होता. वर्नर यांचं स्वतःचं बालपण जर्मनीत, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत गेलेलं. होरपळलेली मुलं त्यांनी फार जवळून पाहिली होती.

यांतल्या सुमारे एकतृतीयांश मुलांवर दोन वर्षांची होण्याआधीच चार किंवा त्याहून जास्त संकटं आली होती. गरिबी, अवघड बाळंतपण, घरातली भांडणं, दारू, आईचा किंवा वडिलांचा मानसिक आजार. त्यांच्यापैकी दर तिघांतली दोघं पुढे अडखळली. कुणी शाळेत मागे पडलं, कुणी पोलिसांच्या हाती लागलं, कुणी कोवळ्या वयात आई झाली. पण तिसरं मूल नीट वाढलं. अशी ७२ मुलं निघाली. अभ्यासकांची नजर सहसा बिघडलेल्यांवर जाते. वर्नर या ७२ जणांपाशी थांबल्या आणि यांना काय मिळालं, असं विचारू लागल्या.

थोडंफार स्वभावातच होतं. ही बाळं चळवळी, लाघवी होती, माणसं त्यांच्याकडे ओढली जात. दहाव्या वर्षी त्यांना चांगलं वाचता येत होतं. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. यांतल्या प्रत्येकाला निदान एक तरी भरवशाचं माणूस लाभलं होतं. आईवडिलांना जमलं नाही तिथे आजी, मावशी, मोठी बहीण, एखादे शिक्षक. शिवाय पुष्कळांवर घरात कुणाची तरी जबाबदारी होती, आपल्यावाचून अडेल असं एखादं काम होतं. हे जरा जपून समजून घ्यावं लागतं. धाकट्या भावाला आंघोळ घालून, त्याचे केस विंचरून त्याला शाळेत घेऊन येणारी मुलगी त्यातून मोठी होते. त्याच भावाला सांभाळण्यासाठी तिची शाळाच बुडू लागली, तर ते काम तिला गिळतं.

‘पोरगं खमकं आहे, निघेल तरून,’ असं आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा मला राग येतो. खमक्या मुलांनाही किंमत मोजावी लागते. काउआईतल्या त्या ७२ जणांतल्या काहींना तरुणपणीच ताणातून येणारी दुखणी जडली होती, आणि घरातल्या कटकटीत ओढलं जाऊ नये म्हणून कित्येकांनी आईवडिलांपासून अंतर राखलं होतं. अशा मुलाला एकटं सोडून त्याच्या जिद्दीचे गोडवे गाणं मला क्रूर वाटतं.

अडचणीत काउआईतली ही माणसं डॉक्टर-समुपदेशकांपेक्षा आपल्या माणसांकडेच जास्त वळली, असंही वर्नर यांना दिसलं. झिंबाब्वेतले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी याच बळावर उपचार उभे केले. हरारेच्या म्बारे वस्तीत २००६ साली त्यांच्याकडे ना खोल्या होत्या ना परिचारिका. होत्या फक्त आरोग्यसेवेचं काम करणाऱ्या १४ आज्या. दवाखान्याच्या आवारात बाकडं टाकून या आज्या माणसांचं ऐकून घेऊ लागल्या, आणि एका वेळी एकच अडचण धरून ती कशी सोडवायची ते त्यांच्याबरोबर बसून ठरवू लागल्या. त्यासाठी त्यांना शिकवलं होतं. जास्त आजारी माणसाला पुढे पाठवायचं हेही ठरलेलं होतं. २०१६ मध्ये ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी, बाकड्यावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांमध्ये नैराश्य उरलं होतं. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांमध्ये ते सुमारे ५० टक्के होतं.

हंगामात आमची गावंही आज्यांच्याच जिवावर चालतात. चार-पाच नातवंडांना भाकरी करून घालणाऱ्या, गुडघे धरून बसणाऱ्या आज्या. मुलाची चौकशी करायला कुणी ना कुणी येतं, आजीला मात्र कुणी काही विचारत नाही. मागे राहिलेल्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात जेवण मिळतं, ते हवंच. पण तिथे संध्याकाळी मुलांबरोबर बसणारं माणूस दर वर्षी तेच असावं, यासाठीही भांडायला हवं.

आता काउआईतल्या त्या अडखळलेल्या मुलांविषयी. चाळिशीला पोहोचेपर्यंत त्यांतले बहुतेक सावरले होते. मधल्या काळात, १९९२ मध्ये, इनिकी नावाच्या चक्रीवादळाने काउआईची दाणादाण उडवली होती, तरीही. कुणी मोठेपणी पुन्हा कॉलेजात गेलं, कुणी सैन्यात भरती झालं, कुणाला चांगला जोडीदार मिळाला, कुणाला प्रार्थनेला जमणाऱ्या माणसांत आधार सापडला. सोळाव्या वर्षी वाया गेलं म्हणून ज्यांच्यावर काट मारली असती, तीच ही माणसं.

हे वाचल्यापासून मला आमची शाळा सोडून गेलेली मुलं दिसत राहतात. आठवी-नववीत गेली, लग्नं झाली, आता त्यांच्याच हातात कोयता आहे. १७ नंबरचा फॉर्म भरून त्यांना अजूनही बाहेरून दहावीला बसता येतं, पण हे त्यांतल्या अनेकांना कुणी सांगितलेलंच नाही. यंदा पट्टा पडून माणसं गावात आली की घरोघर फिरून विचारायचं आहे, कुणाची दहावी राहिली आहे. आणि फॉर्म भरल्यावर परीक्षेपर्यंत, ती फडावर असली तरी, फोनवर त्यांच्या संपर्कात कोण राहणार, तेही आम्हा शिक्षकांना आधीच ठरवून ठेवावं लागेल.