कंबरदुखी समजून घेताना, लेखांक ५ : दुखणं चालीत मुरतं तेव्हा

चेन्नईच्या पेरुंगुडीत ओएमआर या रस्त्यावरचे आयटी पार्क संध्याकाळी सुटतात, तेव्हा दिवसभर खुर्चीत बसलेली माणसं बस गाठायला भराभर चालू लागतात. अशा वेगात उजवं पाऊल पुढे पडताना कमरेचा उजवा भाग पुढे येतो आणि छातीचा पिंजरा उलट्या बाजूला वळतो. सावकाश चालताना मात्र दोन्ही बरेचसे एकत्रच वळतात. वेग वाढला की ही उलटी लय आपोआप जमते. तीन महिन्यांहून जास्त कंबर दुखणाऱ्यांमध्ये नेमका हाच बदल अडखळतो. वेग वाढला तरी धड जखडल्यासारखं एकत्र वळत राहतं, पाठीचे स्नायू सैल पडायच्या क्षणीही ताठ राहतात, पावलं आखूड होतात. हा नुसता सावकाश चालण्याचा परिणाम असेल, अशी शंका कुणी घेईल. पण नेदरलँड्समध्ये क्लॉदिन लामोथ आणि सहकाऱ्यांनी रुग्ण आणि निरोगी माणसं ट्रेडमिलवर एकाच वेगाने चालवली, तरीही फरक उरलाच.

मग हा फरक वेदनेमुळे की बिघडलेल्या मणक्यामुळे? याच गटाने २००४ मध्ये निरोगी माणसांच्या पाठीच्या स्नायूत खारट द्रावण टोचून तात्पुरतं दुखणं निर्माण केलं. स्नायूंच्या कामात किंचित फरक पडला, धडाची लय मात्र जशीच्या तशी राहिली. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो. क्षणाच्या कळेने चाल बदलत नाही. दीर्घकाळ दुखत राहिल्यावर शरीर जपून चालायला शिकतं, आणि ते शिकणं अंगवळणी पडतं. एमआरआयमध्ये ‘मणक्यांमधली गादी झिजली’ असं आलं की सगळा दोष तिच्यावर ढकलला जातो. पण २०१५ च्या एका आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के माणसांमध्येही गादीची झीज आढळली होती. केवळ अहवाल वाचून चालीचं कारण सांगता येत नाही.

शरीर जपतंय तर त्याला का छेडायचं, हा आक्षेप रास्त आहे. पहिल्या काही दिवसांत असं आखडणं उपयोगीच असतं. पण पॉल हॉजेस आणि कायली टकर यांनी २०११ मध्ये मांडलं तसं, आजचा बचाव उद्याचं ओझं ठरू शकतो : स्नायू सतत आवळले की मणक्यांवर दाब वाढतो, हालचालीतली विविधता कमी होते. त्यात पुन्हा दुखेल या भीतीची भर पडते. म्हणून ‘आराम करा’ हा सल्ला जुनाट दुखण्यात मला चुकीचा वाटतो. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ जणांपैकी ज्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने चालण्याचा क्रम आखून दिला, त्यांचं दुखणं परतण्याच्या काळाचा मध्यक २०८ दिवस होता, इतरांचा ११२ दिवस. हे सावरलेल्यांचं झालं. जुनाट दुखणं असणाऱ्याने त्यातून दिशा घ्यावी, हमी नव्हे. पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप किंवा विनाकारण वजन उतरणं, यांपैकी काही असेल तर चालण्याआधी डॉक्टर गाठावा.

उरला रस्त्याचा प्रश्न. मेट्रोच्या कामाने अडलेल्या ओएमआरच्या कडेने चालताना पावलापावलाला नजर खाली ठेवावी लागते. तिथे धड मोकळं सोडणं कुणालाही जमणार नाही. त्यापेक्षा कंपनीच्या आवारातला सपाट रस्ता बरा : सुरुवातीला दहा मिनिटं, हात मोकळे, बॅग जागेवर ठेवून, आणि मधे मधे मिनिटभर वेग वाढवून.